केसाच्या मुळातल्या स्टेम सेल्स: घरचे, पाहुणे आणि व्हॉट्सॲपवाले सारखे विचारतात ते प्रश्न

मी मिरजेला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हिस्टोपॅथला. म्हणजे डॉक्टर लोक अंगाचा जो तुकडा काढून पाठवतात तो मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या, रंगवायच्या आणि स्लाइड सरांच्या टेबलावर ठेवायची. रिपोर्ट सर देतात, मी नाही. हे आधीच सांगून टाकते कारण आमच्या घरात मला अर्धी डॉक्टर समजतात.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने टकलासाठी 'स्टेम सेल पॅकेज' घेतलं आणि तेव्हापासून लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, की काय गं ते केसातलं स्टेम सेल, खरं असतं का. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

स्टेम सेल म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांग.

ऊस लावणाऱ्यांना फार सांगायला नको. ऊस तोडला, ट्रॅक्टर गेला, रान मोकळं दिसतं, पण बुडखा जमिनीत असतो आणि पाणी दिलं की फुटवा येतो, खोडवा उभा राहतो. परत बेणं लावावं लागत नाही. शरीरातसुद्धा बऱ्याच ठिकाणी असा थोडा बुडखा राखून ठेवलेला असतो, तो स्वतः फारसं काम करत नाही, पण गरज पडली की त्यातून नव्या पेशी फुटतात आणि बुडखा शिल्लकच राहतो. त्या राखीव पेशी म्हणजे स्टेम सेल्स. रक्ताच्या हाडाच्या मगजात असतात, आतड्याच्या आतड्यात, आणि केसाच्या केसाच्या मुळाशी.

केसात त्या कुठे असतात? टोकाला का मुळाला?

थंडीत किंवा अंगात येतं ते बघताना अंगावर काटा येतो ना, तो काटा म्हणजे प्रत्येक केसाला एक बारीकसा स्नायू चिकटलेला असतो तो ओढला जातो आणि केस उभा राहतो. तो स्नायू केसाच्या मुळाला जिथे चिकटतो बरोबर तिथे मुळाला एक छोटा फुगवटा असतो, इंग्रजीत त्याला बल्ज म्हणतात. स्टेम सेल्स तिथे बसलेल्या असतात.

आधी सगळ्यांना वाटायचं की अगदी खाली जो कांद्यासारखा गड्डा असतो, जिथून केस प्रत्यक्ष वाढतो, तिथेच हे सगळं असणार. १९९० साली जॉर्ज कॉत्सारेलिस, तुंग-तिएन सन आणि रॉबर्ट लावकर यांनी उंदरांवर दाखवलं की तसं नाही, अगदी सावकाश विभागणाऱ्या, आपली शक्ती राखून ठेवणाऱ्या पेशी वर फुगवट्यात आहेत. खालचा गड्डा दर वेळी आकसून जातो, परत तयार होतो, फुगवटा जागेवरच. म्हणजे बुडखा वर आणि ऊस खाली, उलटं प्रकरण आहे, पण कल्पना तीच.

डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आकसतं, मग तीनेक महिने तसाच विश्रांतीला बसतो आणि गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. आयुष्यभर हे चालू. डोक्यावर अशी साधारण १ लाख मुळं असतात आणि अख्ख्या अंगावर ५० लाखांच्या आसपास, तळहात-तळपाय सोडून. त्यामुळे रोज ५०-१०० केस गळाले तर रडायचं नसतं, हे मी माझ्या वहिनीला दर रविवारी सांगते.

बाळाचं जावळ जपून ठेवलंय. त्यातून पुढे स्टेम सेल काढता येतील का?

नाही हो. हा प्रश्न मला तीन जणींनी विचारलाय आणि तिघींची डबी अगदी नीट कापसात ठेवलेली होती. जावळ काढताना केस कातडीच्या वर कापला जातो आणि वरचा केस मेलेलाच असतो, नुसतं केराटिन, नखासारखं. जिवंत भाग सगळा कातडीच्या आत राहतो. न्हाव्याच्या दुकानातल्या केसांचंही तेच. जावळ आठवण म्हणून ठेवा, त्यात वाईट काही नाही.

मग उपटलेल्या केसात असतात का?

असू शकतात, म्हणून तर शास्त्रज्ञ केसाच्या मागे लागले. वाढीला असलेला केस जरा जोरात ओढून काढला तर मुळाभोवती एक पांढरट, ओलसर, काचेसारखी सळी चिकटून येते. ते मुळाचं बाहेरचं आवरण. त्यात फुगवट्याच्या भागातल्या जिवंत पेशी थोड्याफार निघून येतात. हाडाच्या मगजातून पेशी काढायच्या तर भूल, जाड सुई, सगळं आलं, आणि इथे चिमटा पुरतो, एवढाच फरक पण फार मोठा फरक.

या पेशींपासून काय काय बनतं?

मुळात एकच जात नाही, म्हणून गोंधळ होतो. फुगवट्यातल्या मुख्य पेशींपासून केस, तेलाची ग्रंथी आणि गरज पडली तर कातडीचा वरचा थर बनतो. त्याच घरात भाडेकरू म्हणून रंग बनवणाऱ्या पेशींच्या स्टेम सेल्स राहतात, केसाचा काळा रंग त्यांच्यामुळे. आणि अगदी खाली गड्ड्याच्या मधोमध डर्मल पॅपिला नावाची पेशींची गुंडी असते, ती स्वतः केस होत नाही पण बाकीच्यांना "चला, केस बनवा" असा हुकूम देते. मुकादम म्हणा. टकलाच्या उत्तरात हा मुकादम परत येणार आहे.

याशिवाय नेस्टिन नावाचं प्रोटीन असलेल्या काही पेशी फुगवट्याजवळ सापडल्या, त्यांच्यापासून लॅबच्या प्लेटमध्ये मज्जातंतूंसारख्या पेशी बनवून दाखवल्यात. ते पुढे मणक्याच्या प्रश्नात.

जखम भरण्याशी केसाचा काय संबंध?

हे उत्तर मोठं होणार, कारण माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, टकलात नाही.

माझे काका पलूसकडचे. सीझनला गुऱ्हाळावर असायचे. मी शाळेत होते तेव्हा काहिलीतला उकळता पाक त्यांच्या उजव्या हातावर उडाला, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत. पाणी उडालं तर ओघळून जातं, गुळाचा पाक चिकटून बसतो आणि आत आत भाजत राहतो. वर कोणीतरी हळद थापली, सांगलीत हळदीला काय तोटा. (खरं तर भाजल्यावर पहिलं काम म्हणजे नळाचं साधं वाहतं पाणी, चांगली २० मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. हे कोणाच्या लक्षात राहिलं तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक.)

आता बघा काय झालं. हाताच्या कडेला जिथे नुसते थेंब उडाले होते ती जागा दोन आठवड्यांत भरली, आज सांगितल्याशिवाय कळत नाही. मधली जागा मात्र भरेचना, शेवटी मांडीची कातडी काढून लावली. तेव्हा वाटलं होतं नशीब. नशीब नाही, केसाची मुळं.

कातडीचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, पण केसाचं मूळ त्या थरातूनच आत घुसलेलं असतं, काही मिलिमीटर खोल. वरचं भाजलं आणि मुळं शाबूत राहिली, तर प्रत्येक मुळातून पेशी वर चढतात आणि तोंडाभोवती कातडीची छोटी छोटी बेटं तयार करतात, बेटं वाढत एकमेकांना मिळतात आणि जखम बंद. घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांमधूनही असंच होतं. पण भाजणं खोल गेलं आणि मुळंच जळाली तर बुडखाच गेला, मग फुटवा कुठून येणार. कातडीला फक्त कडेकडेने सरकत यावं लागतं आणि मोठ्या जखमेत ती मधे पोचतच नाही.

मांडीची जागा का भरली तेही यातच आलं. ग्राफ्टसाठी कातडीचा पातळ काप घेतात, मुळांचा खालचा भाग मांडीतच राहतो, म्हणून ती जागा साधारण दोन आठवड्यांत पुन्हा कातडी धरते. डोक्याची कातडी तर याहून चांगली देणारी, कारण तिथे मुळं दाट, म्हणून फार भाजलेल्या पेशंटची डोक्याची कातडी सर्जन पुन्हा पुन्हा घेऊ शकतात.

२००५ साली कॉत्सारेलिस यांच्याच गटाने उंदरांत हे पेशीला खूण करून दाखवलं, की फुगवट्यातल्या पेशी एरवी कातडीच्या रोजच्या देखभालीत हात घालत नाहीत, जखम झाली की मात्र धावून येतात. भावकीसारख्या म्हणायला हरकत नाही, एरवी बोलत नाहीत पण अडचणीला हजर. (आमची भावकी नव्हे.)

हे ठीक, पण माणसांवर मुद्दाम वापरून बघितलंय का?

बघितलंय. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. पायाला वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमा असलेले १० पेशंट घेतले, डोक्यावरून केसाची मुळं एकेक करून काढली आणि जखमेतल्या २ बाय २ सेंटिमीटरच्या चौकोनात २० मुळं रोवली, शेजारचा तेवढाच चौकोन तसाच ठेवला. १८ आठवड्यांनी मुळं रोवलेल्या चौकोनात जखम सरासरी २७.१ टक्के कमी झाली आणि नुसत्या चौकोनात ६.५ टक्के. १० च पेशंट आहेत, डोंगर जिंकला असं नाही, पण त्याच पायावर शेजारीशेजारी तुलना केलीय म्हणून मला हा अभ्यास आवडतो. रोपं लावल्यासारखंच, फक्त केस उगवायला नाही, जखम भरायला.

दुसरी पद्धत स्वित्झर्लंड-जर्मनीकडची. तिथे डोक्याच्या मागचे केस उपटून, मुळाच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांच्या छोट्या गोल चकत्या बनवल्या आणि पायाच्या जुन्या जखमांवर ठेवल्या. पेशंटच्या अंगावर कापाकापी अजिबात नाही. चालते, पण पेशी वाढवायला काही आठवडे लागतात, लॅब एकदम स्वच्छ लागते आणि खर्च, त्यामुळे गल्लोगल्ली पोचली नाही.

शुगरच्या पायाच्या जखमा आमच्या लॅबला सारख्या येतात म्हणून मला याचं अप्रूप जास्त. पण सध्या तरी शुगरची जखम असेल तर ड्रेसिंग, शुगर कंट्रोल, पायावरचा भार कमी करणं आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणं हेच. स्टेम सेलची वाट बघत बसू नका, पाय जाईल.

कोडावर याचा उपयोग होतो म्हणतात, खरं का?

हो, आणि हे काम आपल्याकडचं आहे, दिल्लीच्या एम्समधलं. कोडाच्या पांढऱ्या डागात रंगाच्या पेशी संपलेल्या असतात. केसाच्या मुळात मात्र त्या आणि त्यांच्या स्टेम सेल्स साठवलेल्या असतात. म्हणूनच उन्हाच्या उपचाराने, म्हणजे फोटोथेरपीने, डाग भरायला लागला की आधी प्रत्येक केसाभोवती काळा ठिपका उमटतो. बारकाईने बघितलंत तर तुम्हालाही दिसेल, पांढऱ्या डागावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

एम्सवाल्यांनी काय केलं, डोक्यामागून थोडी मुळं काढली, एन्झाइममध्ये ठेवून आवरणातल्या पेशी सुट्या केल्या, तो पातळ द्रव डाग हलका घासून त्यावर पसरला. पेशी लॅबमध्ये वाढवायच्या नाहीत, सगळं एका दिवसात. २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात १४ पेशंट होते आणि त्यातल्या ९ जणांचा ७५ टक्क्यांहून जास्त रंग परत आला.

पण एक अट पक्की. डाग किमान वर्षभर स्थिर पाहिजे, म्हणजे वाढत नको, नवा येत नको. रोग चालू असताना केलं तर लावलेल्या पेशीही तोच रोग खातो आणि जिथून मुळं काढली तिथेही डाग येऊ शकतो. आणि कोड शिवल्याने होत नाही, कुठला शापही नाही. स्थळं बघताना जे लोक हे लपवतात किंवा लपवायला लावतात त्यांच्यावर मला फार राग आहे, पण तो इथला विषय नाही.

मुद्द्यावर ये. टक्कल जाईल का?

आज तरी स्टेम सेलने नाही.

आता का ते. लोकांना वाटतं टकलावर मुळंच नसतात. असतात, पण इतकी बारीक होतात की त्यातून लव येते, केस नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ट्रान्सप्लांटला आलेल्या पुरुषांच्या डोक्याचे टकलाचे आणि केसाचे तुकडे तपासले तर टकलातही स्टेम सेल्स जवळजवळ तेवढ्याच निघाल्या. कमी होत्या त्या पुढच्या टप्प्याच्या पेशी, ज्या स्टेम सेलपासून फुटून प्रत्यक्ष कामाला लागतात. म्हणजे बुडखा आहे, फुटवा येत नाहीये. मग नुसत्या आणखी स्टेम सेल्स टोचून काय होणार, तिथे त्यांची कमतरता नव्हतीच.

अडचण मुकादमाची आहे, ती डर्मल पॅपिला. हा मुकादम आणि त्याच्या भोवतीचं आवरण किती ताकदीचं ते १९९९ मध्ये कळलं. इंग्लंडमधल्या कॉलिन जाहोदा नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या डोक्यातल्या केसाच्या मुळाचं खालचं आवरण काढून त्यातल्या पेशी आपली सहकारी अमांडा रेनॉल्ड्स हिच्या हातावर लावल्या. पुरुषाच्या पेशी, बाईचा हात, ना रक्ताचं नातं ना औषध. हातावर नवे, जाड केस उगवले आणि तिच्या शरीराने ते नाकारले नाहीत. उंदीर सोडून स्वतःवर प्रयोग करणारी माणसं मला आवडतात, आमच्याकडे साधं ब्लड ग्रुप चेक करायलाही लोक सुईला घाबरतात.

मग अडलं कुठे? मुकादमाच्या पेशी प्लेटमध्ये वाढवल्या की त्या आपला हुकूमच विसरतात. सपाट पसरतात आणि साध्या होऊन बसतात. २०१३ मध्ये जाहोदा आणि न्यूयॉर्कच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने त्या पेशी उलट्या लटकणाऱ्या थेंबात वाढवल्या, म्हणजे त्या एकत्र येऊन परत गुंडी होतात. माणसाच्या कातडीचा तुकडा उंदरावर लावून त्यात या गुंड्या घातल्या तर ७ पैकी ५ दात्यांच्या पेशींनी नवी मुळं बनवली. हे मोठं काम होतं. पण त्याला बरीच वर्षं झाली आणि दुकानात अजून काही आलेलं नाही, यावरून काय ते समजा.

हेअर ट्रान्सप्लांट ही वेगळी गोष्ट. तिथे अख्खं मूळच उचलून पुढे लावतात, कारण डोक्यामागचे केस टकलाच्या हार्मोनला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी तो स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ मध्ये लिहून ठेवलंय. चालतं, बऱ्याच जणांचं चांगलं होतं. पण त्यात केस वाढत नाहीत, नुसती बदली होते.

मग तुझ्या भावाने केलं ते काय होतं?

क्लिनिकचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ४५ हजार घेतले, तेही द्राक्षाचे पैसे आल्या आल्या. कानामागून दोन-तीन बारीक पंच, म्हणजे कातडीचे छोटे गोल तुकडे काढले, एका छोट्या मशीनमध्ये घालून सलाइनबरोबर फिरवले आणि तो गढूळ द्रव पुढच्या भागात इंजेक्शनने दिला. वीस मिनिटांत काम खलास. कागदावर 'ऑटोलोगस (म्हणजे स्वतःच्याच पेशींची) स्टेम सेल थेरपी' असं छान सोनेरी अक्षरात.

पंचमध्ये केसाची मुळं असतात, मुळात स्टेम सेल असतात, हे खोटं नाही. पण त्या द्रवात जिवंत स्टेम सेल किती होत्या हे कोणी मोजलं नाही, त्या आत जाऊन काय करतात हे कोणी बघितलं नाही, आणि मघाशी सांगितलं तसं कमी तिथे स्टेम सेलची नव्हतीच. मी त्याला विचारलं, सेल काउंटचा रिपोर्ट दिला का. तो म्हणाला, सर्टिफिकेट दिलंय. सहा महिने त्याला केस दाट झाल्यासारखे वाटत होते, त्याच काळात तो मिनॉक्सिडिल हे केसांचं औषधही लावत होता. आता सर्टिफिकेट फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय आणि टोपी परत आलीय.

पीआरपी, एक्झोसोम, स्टेम सेल शाम्पू, हे सगळं एकच ना?

एकच नाही. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स गोळा करून टोचणं. स्टेम सेलचा संबंध नाही. केस गळतीत काहींना थोडा फायदा होतो, थांबवलं की उतरतो. एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, त्यात पेशीच नसते, आणि टोचायला मान्यता असलेलं असं उत्पादन नाही. शाम्पू-क्रीमवर जे स्टेम सेल लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सफरचंदाच्या पेशींचा अर्क असतो. सफरचंदाच्या स्टेम सेलला फार तर सफरचंद करता येईल. डोक्यावर नको.

आमच्या वडिलांच्या मणक्याला मार लागलाय. केसाच्या स्टेम सेलने ते चालतील का?

हा प्रश्न आला की मला उत्तर टाइप करायलाच वेळ लागतो. २००५ पासून सॅन दिएगोचे रॉबर्ट हॉफमन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलंय की केसाच्या नेस्टिनवाल्या पेशी तुटलेल्या नसेत घातल्या तर त्या नसेला गुंडाळणाऱ्या पेशींसारख्या होतात आणि नस जुळायला मदत होते, उंदीर पाय टाकायला लागतो. उंदराची नस काही मिलिमीटर जुळवायची असते. माणसाच्या मणक्यासाठी केसाच्या पेशींचा मान्य उपचार आज जगात कुठेही नाही. जो कोणी पैसे घेऊन करतो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, तेच पैसे फिजिओथेरपीला, चांगल्या गादीला आणि पाठीला जखमा होऊ नयेत यासाठी लावा.

डोळ्याच्या बुबुळाचंही तसंच. चुना, ॲसिड उडून बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल्स जळतात, तिथे केसाच्या पेशी वापरण्याचे प्रयोग उंदरांवर झालेत. माणसांत दुसऱ्या चांगल्या डोळ्यातल्या पेशी घेतात, ते मात्र खरंच होतं आणि भारतातही होतं.

एका केसापासून कुठलाही अवयव बनवता येतो असं वाचलं?

अर्धं खरं. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी चार जीन्स (जनुकं) घालून पार मागे नेल्या, गर्भातल्या पेशीसारख्या केल्या, त्यासाठी २०१२ चं नोबेल मिळालं. २००८ मध्ये स्पेनच्या गटाने दाखवलं की उपटलेल्या एका केसाच्या मुळातल्या पेशींपासूनही हे करता येतं. म्हणजे केसापासून हृदयाच्या धडधडणाऱ्या पेशी प्लेटमध्ये बनतात, हे खरंय. अख्खं हृदय बनत नाही. आणि अशा पेशी कच्च्या राहिल्या आणि अंगात गेल्या तर त्यातून गाठ होते, म्हणून तर एवढी काळजी.

२०२० मध्ये उलट दिशेने काम झालं, अशा पेशींपासून प्लेटमध्ये कातडीचा गोळा वाढवला आणि त्याला केस आले, चार-पाच महिने लागले. तो फोटो मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. आमचा अटेंडंट म्हणाला, नारळ दिसतोय.

स्वतःच्याच पेशी आहेत, मग धोका कसला?

हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. स्वतःच्या पेशी शरीर नाकारत नाही एवढंच त्यातलं खरं. पेशी बाहेर काढल्या, काही मिसळलं, दुसऱ्याच जागी टोचल्या, म्हणजे इन्फेक्शन, नको तिथे नको ती वाढ, सगळं शक्य. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये ३ बायकांच्या डोळ्यात त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी, आणि तिघींची नजर गेली. २०१७ मध्ये हे डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलं. पेशी स्वतःच्याच होत्या.

भारतात कायदा काय म्हणतो? खरी ट्रायल कशी ओळखायची?

आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी जे बोन मॅरो किंवा रक्तातल्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट होतं तेच मान्य उपचार, बाकी सगळं संशोधन. म्हणजे ट्रायल म्हणूनच करायचं. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन 'नवीन औषध' या व्याख्येत घातलंय, त्याला केंद्राची परवानगी लागते.

ओळखायचं कसं तर सोपं आहे. ट्रायल म्हणत असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर मागा, २००९ पासून प्रत्येक ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे आणि वेबसाइट कोणालाही बघता येते, मोबाईलवर पण. एथिक्स कमिटीचं पत्र मागा. आणि सगळ्यात मोठी खूण, ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. "ट्रायल आहे, डिस्काउंटमध्ये करतो" म्हटलं की चप्पल घाला आणि बाहेर या. सांगली-मिरजेत दवाखाने म्हणाल तर पार कर्नाटकातून लोक येतात, डॉक्टर चांगले आहेत, स्किन ग्राफ्ट, कोडाची सर्जरी यांची चौकशी त्यांच्याकडे बिनधास्त करा. हॉटेलच्या हॉलमधल्या 'फ्री कन्सल्टेशन कॅम्प'मध्ये नको.

तरुणपणीच मुळं काढून बँकेत ठेवली तर?

आपल्याकडे फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकिंगला परवानगी आहे. नाळेचा तुकडा, दाताचा गर, पाळीचं रक्त यांचं बँकिंग त्याच गाइडलाइन्सनी बंद ठेवलंय, मग केसाचं कोणी विकत असेल तर काय ते कळलंच. आणि साठवलेलं वापरायची पद्धतच अजून मान्य नाही, म्हणजे कुलूप नाही आणि किल्लीचे हप्ते चालू.

टेन्शनने केस पांढरे होतात हे खरं का?

उंदरांत तरी खरं. २०२० मध्ये हार्वर्डच्या या-चिए श्यू यांच्या गटाने दाखवलं की ताणात मुळाजवळच्या नसा नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात, रंगाच्या स्टेम सेल्स एकदम कामाला लागून संपून जातात आणि मग रंगच शिल्लक राहत नाही. एक केस उपटला तर दोन पांढरे येतात हे मात्र खोटं, एका मुळातून एकच येणार.

घरी हे सगळं बघता येईल का? पोराला प्रोजेक्ट आहे.

येईल की. डोक्याचा एक केस मुळाशी धरून झटक्यात ओढा. दोन प्रकार दिसतील. टोकाला नुसता पांढरा, कोरडा, काडेपेटीच्या काडीसारखा गोळा असेल तर तो विश्रांतीतला, आपोआप गळणारच होता. टोक काळं, जरा वाकडं आणि त्याच्या वर दोनेक मिलिमीटर ओली पारदर्शक नळी असेल तर तो वाढीतला, आणि ती नळी म्हणजेच बाहेरचं आवरण. काळ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा, लगेच बघा, पंख्याखाली वाळून चिकटते. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली थेंबभर पाण्यात ठेवलं तर अजून छान. पोराचाच केस घ्या, बहिणीचा नको, आमच्याकडे त्यावरून भांडण झालंय.

माझ्या या हातावर परत केस येतील का गं?

हा प्रश्न काकांचा. त्यांना व्हॉट्सॲप येत नाही, समोर बसून विचारला, दिवाळीत.

त्यांचा तो ग्राफ्टचा भाग मी लहानपणापासून बघतेय. गुळगुळीत, जरा चकाकतो, थंडीत आजूबाजूला काटा येतो आणि तेवढा पट्टा तसाच सपाट राहतो, नकाशातल्या तळ्यासारखा. मी सांगितलं, आपोआप येणार नाहीत, पातळ ग्राफ्टबरोबर मुळं येत नाहीत. डोक्यावरची मुळं काढून व्रणावर रोवतात, भुवईला, दाढीला करतात तसं, पण व्रणात रक्तपुरवठा कमी म्हणून सगळी जगत नाहीत. लॅबमध्ये वाढवलेली कातडी लावली असती तरी हेच, जर्मनीत २०१५-१६ मध्ये एका ७ वर्षांच्या मुलाची जवळजवळ ८० टक्के कातडी लॅबमधून वाढवून बदलली, त्याचा जीव वाचला, पण अशा कातडीला केस आणि घामाच्या ग्रंथी येत नाहीत.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "केसांचं काय करायचंय मला ह्या वयात. घाम यायला पायजे पोरी. उसात शिरलं की एवढाच हात तापतोय बघ." घामाची ग्रंथी बनवून लावायचा मान्य उपचार अजून नाही, तेही सांगितलं. ते बरं म्हणाले, पाण्याच्या बाटलीत टॉवेलचं टोक बुडवलं, पिळलं आणि हाताला गुंडाळून रानात गेले.